पहिल्या धारेची

बापूमामा निकम यांना कतारमधून घरी पाठवलं ते पाणी प्यायल्याबद्दल. छपाईची चूक नाही ही. दारू प्यायल्याबद्दल नव्हे, साहेबावर हात उगारल्याबद्दल नव्हे. पाणी प्यायल्याबद्दल, आणि दुसऱ्यांना पाजल्याबद्दल.

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. माझ्या पत्रकांत माणसं नसतात, 'पीडित' असतात, 'शोषित' असतात, शेवटी एक उद्गारचिन्ह असतं. बापूमामा त्यांत कधी मावलेच नाहीत. पण परवा नाशिकच्या शिबिरात एका बाईंनी मला अडवलं. "तुम्ही दारूबंदीच्या कामातल्या ना? मग सारखं 'पहिल्या धारेचं' काय म्हणता? पहिल्या धारेचं सत्य, पहिल्या धारेचा राग! शोभतं का?"

ज्यांच्या घरात हा शब्द पोचला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हातभट्टी लावली की नळीतून सर्वांत आधी जी ठिबकते ती पहिल्या धारेची. सर्वांत कडक, बिनभेसळीची. त्या बाईंना मी म्हटलं, हा शब्द मला एका माणसानं दिला आहे, आणि तो मी टाकणार नाही. तो माणूस कोण, ते आता लिहिते.

चार वर्षांपूर्वी मी अरबी शिकायला दोहाला होते. दादा तिथे इंजिनियर. दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं फरीज बिन ओमरानमध्ये एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. बापूमामा वहिनीच्या माहेरचे, म्हणजे कऱ्हाडकडच्या गावचे, म्हणून सगळ्यांचे मामा. समुद्राकाठी खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करण्याचा मोठा कारखाना होता, तिथे ते एका ठेकेदार कंपनीतर्फे फिटर होते. राहायला शहराबाहेरच्या कॅम्पात. बायको आणि तीन मुली गावाकडे, आणि गावाकडेच स्लॅबवाचून थांबलेलं घर.

दर शुक्रवारी ते जेवायला यायचे. काळा चष्मा, मेंदीनं लाल केलेल्या मिशा आणि गळ्यात टाय. उन्हाळ्यातसुद्धा टाय. वहिनी म्हणायची, "मामा, काढा हो तो फास." मामा म्हणायचे, "आठवडाभर ते मला बॉयलरसूट घालत्यात. येक दिस मी मला घालतो." घरात आल्यावरही चष्मा उतरायचा नाही. आवाज असा की खालचा मल्याळी किराणावाला वर बघायचा. गप्पांतल्या निम्म्या थापा. अल रुवैसच्या बंदरात आपण एकट्यानं शार्क ओढला, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी शार्क वाढला होता. मुलं इंग्रजीतून ओरडायची, "मामा, लास्ट टाइम इट वॉज स्मॉल!" मामा गंभीरपणे म्हणायचे, "लेकरा, मासं वाढत्यात."

त्यांची अरबी म्हणजे पाच-सहा शब्द, पण वापरायचे पन्नास ठिकाणी. "खलास" म्हणजे संपलं, पुरे, गप, मेला, आणि बरं झालं. मला त्यांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं: पत्रकबाई. "पत्रकबाई, तू दोन वरीस अरबी शिकनार आनि मंग अरबी पत्रकं काढनार. मी पाच शब्दांत सगळा देश चालवतो." देशाच्या नावाचीही ते चेष्टा करायचे. "कतार म्हंजे रांग. आल्यापास्नं रांगेतच हाय की मी."

आणि एक सवय. पाण्याचा पेला हातात आला की त्यात बोट बुडवून दोन थेंब बाजूला उडवायचे, मग प्यायचे. ही पिणाऱ्या माणसांची रीत. गुत्त्यात बसलेले लोक पहिला घोट घेण्याआधी असे थेंब उडवतात हे मला माहीत होतं, कारण त्याच गुत्त्यांसमोर आम्ही बसलो आहोत. मी ताडकन विचारलं, "मामा, तुम्ही घेता?"

"घेतो की! मुंबैला उतरलो की घेतो. का, तुज्या संघटनेची परवानगी लागती का?"

"मग पाण्याला ही रीत कशाला?"

"आगं, दारू काय, गूळ-नवसागर आसला की कुनीबी गाळतंय. आमच्या बापाची भट्टी हुती ओढ्याला. रांजनात घोटभर पानी नसायचं, आई दोन मैलांवरनं आनायची, आनि बाप ते भट्टीला वतायचा. मला पान्याची किंमत भट्टीनं शिकवली. उडवनार मी थेंब."

"कुणाच्या नावानं?"

"ज्याला मिळालं न्हाई त्याच्या." आणि पेला रिकामा करून म्हणाले, "वाढ गं पोरी, आमटी वाढ. हिला भाषान करू दे."

त्या हिवाळ्यात माझी कॉलेजातली मैत्रीण नलू आणि तिचा नवरा शरद चार दिवस आमच्याकडे उतरले. शरद दुबईत नोकरीला. जेवताना बापूमामा त्याला म्हणाले, "जावईबापू, उद्या आमची भट्टी बगायला या. पहिल्या धारेची पाजतो."

शरदच्या चेहऱ्यावर दिवाळी. "इथे? कतारमध्ये?"

"सरकारी हाय. कुनाला भ्यायचं काम न्हाई."

मी कामाची जागा पाहिली नव्हती, आणि मामा तिला कधी कारखाना म्हणत नसत, भट्टीच म्हणत. पण सरकारी भट्टी! माझं डोकं फिरलं. रात्रीतून मी ट्रंकेतली नाशिकची पत्रकं काढली. सकाळी शरद सेंट लावून तयार, मी पिशवीत 'दारू हा संसाराचा शत्रू' घेऊन तयार. नलू आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती आणि दादाच्या गाडीत हसू दाबत होती. तिला बहुतेक अंदाज आला होता.

गेटवर बापूमामा टाय लावून उभे. शेजारी त्यांचा सुपरवायझर मॅक, मोठा तांबडा स्कॉटिश माणूस. आत गेलो तर माणसाच्या दसपट उंचीची पिंपं, वाफेचा सुस्कारा, पायाखाली थरथरणारी लोखंडी जाळी आणि समुद्राचा वास. दारूचा वास कुठेच नाही. मामा हात पसरून म्हणाले, "हितं दर्या उकळायचा. वाफ वर जाती, गार नळीला लागती, आनि टिप् टिप् टिप्. मीठ खाली ऱ्हातं. हाय का न्हाई भट्टी?"

मॅक हसत म्हणाला की याच्या भट्टीत आणि माझ्या बापाच्या भट्टीत काही फरक नाही. त्याचा बाप स्कॉटलंडात व्हिस्कीच्या डिस्टिलरीत तांब्याची पातेली सांभाळायचा. उकळा, वाफ करा, थंड करा. "सेम थिंग," असं म्हणून त्यानं बापूमामांच्या पाठीवर थाप मारली. दोन भट्टीवाल्यांची पोरं शेजारी शेजारी उभी होती. एकाच्या बापाचा फोटो डिस्टिलरीच्या कॅलेंडरवर छापला होता म्हणे, दुसऱ्याच्या बापाला पोलिसांनी ओढ्यातून फरफटत नेलं होतं. सेम थिंग!

मग मामांनी नमुन्याच्या नळाखाली पेला धरला, थेंब उडवले आणि शरदपुढे केला. "घ्या. पहिल्या धारेची."

शरदनं घोट घेतला. बिचाऱ्याचं तोंड पाहण्यासारखं होतं. "मामा, हे पाणी आहे."

"मंग?"

"आणि याला चवच नाही."

"चव न्हाई हीच त्याची चव! म्हनून नंतर त्यात जरासं हिरीचं खारं पानी मिसळत्यात, तवा शहराला ग्वाड लागतं." मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच आवाज खाली घेऊन म्हणाले, "आमास्नी कॅम्पात ते नुसतं मिसळायचंच देत्यात, पत्रकबाई. त्याचाच टँकर येतो."

मी व्याकरणात अडकले होते. "मामा, पाणी नपुंसकलिंगी आहे. पहिल्या धारेचं म्हणा."

"जे मानसाला उभं करतंय ते नपुंसक कसं गं?"

पिशवीतली पत्रकं पिशवीतच राहिली. नळाखाली एक बादली होती. दर पाळीला नमुना तपासायचा आणि बाकीची बादली गटारात ओतायची, असा नियम. आमच्या समोर एकानं ती ओतली. मामा त्या गटाराकडे बघत राहिले, आणि त्या दिवशी पुढे एकही थाप त्यांनी मारली नाही.

कॅम्पातल्या पाण्याबद्दल त्यांनी आधीच तोंड वाजवलेलं होतं. कॅम्प-बॉस आपलाच माणूस, हिंदुस्थानीच, हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टी ऐकल्या की आपल्याला अरबांवर घसरायची सवय आहे. त्या खाऱ्या टँकरनं पोरांची पोटं बिघडत, चहा फाटे, साबणाला फेस येत नसे. मामा दर आठवड्याला विचारायचे, "साब, मीठा पानी कब?" उत्तर ठरलेलं: "इन्शाल्ला, बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. मामा दादाला म्हणायचे, "इंजिनियरसाहेब, या बुकऱ्याला शेपूट किती लांब आसतंय?"

मी म्हटलं, "आपण पत्रक काढू. निषेध करू."

"निषेध केल्यावर तान भागती का?"

त्यानंतर त्यांनी काय केलं, तर मॅकच्या रिकाम्या बाटल्या आणल्या. मॅकला परवान्यावर व्हिस्की मिळायची आणि रिकाम्या बाटल्या तो कचऱ्यात टाकायचा. मामांनी त्या उकळून घेतल्या. पाळी संपली की गटारात जाणारी बादली या बाटल्यांत जायची, आणि बाटल्या मामांच्या डबा-पिशवीतून कॅम्पात. संध्याकाळी खोलीखोलीत एकेक बाटली फिरायची. पोरं आधी बोट बुडवून थेंब उडवायची, मग आळीपाळीनं घोट घ्यायची. मामांनी सगळ्यांना रीत लावून दिली होती.

मी विचारलं, "अहो, व्हिस्कीच्याच बाटल्या कशाला? प्लास्टिकचे कॅन मिळतात."

"कॅनकडं कोन बगतंय का?" मामांनी मिशीवरून बोट फिरवलं. "बाटलीकडं बगत्यात."

कुणीतरी बघावं हेच त्यांना हवं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. एका शुक्रवारी ते जेवायला आले नाहीत. दुपारी फोन वाजला. कॅम्पाचा स्वयंपाकी बोलत होता: कॅम्प-बॉसनं पोलीस बोलावलेत, दारू सापडली म्हणतोय, बापूभाईंनी इंजिनियरसाहेबांना बोलवायला सांगितलंय.

दादा म्हणाला, "आपण या भानगडीत पडायचं नाही. माझाही व्हिसा कफीलच्याच हातात आहे."

वहिनीनं वरणाची पळी तशीच भांड्यात सोडली. "माझ्या गावचा माणूस आहे. तुम्ही येत नसाल तर मी टॅक्सीनं जाते."

दादा उठला. अरबी येते म्हणून मलाही घेतलं. मुलं शेजारी ठेवली.

कॅम्पाच्या फाटकापाशी वाळूत बाटल्यांची ओळ मांडली होती. मागे सगळी माणसं उभी, पुढे बापूमामा, टाय लावून. जणू फोटोच काढायचा होता. कॅम्प-बॉस हातवारे करत होता, "साब, शराब! सब शराब!" समोर एक वयस्कर कतारी पोलीस अधिकारी, पांढरी दाढी, कंटाळलेला चेहरा. त्यानं मला विचारलं, हा माणूस सारखा काय म्हणतोय?

कारण मामा गर्जत होते, "पहिल्या धारेची हाय, साहेब! पिऊन बगा!"

वर्गात आम्हाला बातम्या वाचणाऱ्यासारखी अरबी शिकवत. 'पहिल्या धारेची' तीत कुठून असणार? मी चाचपडत म्हटलं, "माउन मुकत्तर." गाळलेलं, ठिबकवलेलं पाणी.

"माय?" अधिकारी म्हणाला. तिकडच्या बोलीत पाण्याला माय म्हणतात.

"माय! माय!" मामा छातीवर हात आपटून ओरडले. हा त्यांच्या पाच शब्दांपैकी एक होता.

अधिकाऱ्यानं एक बाटली उचलली, बूच काढलं, वास घेतला. मग सर्वांसमोर एक घोट घेतला, आणि अजून एक. त्याची दाढी हलायला लागली. तो हसत होता. "मुकत्तर," तो मला म्हणाला, "कतर. मुकत्तर." अक्षरं तीच आहेत, त्यानं वाळूत काठीनं लिहून दाखवलं. कतर म्हणजे ठिबकणं.

मी ते मामांना सांगितलं. त्या गर्दीत, पोलिसांसमोर, नोकरी धाग्याला लटकलेली असताना, त्या माणसानं मांडीवर थाप मारली. "आयला! म्हंजे या देशाचं नावच धार हाय की! आनि मी इतकी वर्सं रांग म्हनत बसलो!"

अधिकाऱ्यानं कॅम्प-बॉसला विचारलं, पाणी पिताना पकडलंस तर मला कशाला बोलावलंस? कॅम्प-बॉस अडखळत म्हणाला, हे शहराचं पाणी आहे, यांच्यासाठी नाही. यांच्यासाठी टँकर येतो.

हे वाक्य मी अरबीत केलं. आयुष्यात इतक्या आनंदानं मी कुठलंच भाषांतर केलेलं नाही.

"तो टँकर दाखवा," अधिकारी म्हणाला.

मामा वाटच बघत होते. टँकरच्या पाण्याचा पेला तयारच होता. अधिकाऱ्यानं घोट घेतला आणि वाळूत थुंकला. लहानपणी मोती काढायच्या होड्यांवर आम्ही असं पाणी प्यायचो, तो म्हणाला, आता माझ्या शेळ्यांनासुद्धा मी हे देत नाही. मग कॅम्प-बॉसला त्यानं बाजूला नेलं. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण कॅम्प-बॉसची मान एकदाही वर झाली नाही. पुढच्या आठवड्यात गोड्या पाण्याचा टँकर आला, आणि मी तिथे होते तोवर तो येत राहिला.

इथे पत्रक संपलं असतं. विजय असो, उद्गारचिन्ह.

कंपनीनं मामांना बोलावलं. पोलिसांनी काही आरोप ठेवला नाही, पण कंपनीनं ठेवला: कारखान्याची मालमत्ता परवानगीवाचून बाहेर नेली. गटारात ओतायची मालमत्ता! एक माफीनामा टाइप करून ठेवला होता. 'चुकून नेली, पुन्हा करणार नाही.' सही केली तर नोकरी राहील, नाहीतर पहिल्या विमानानं घरी. मॅक त्या खोलीत बसला होता. बाटल्या त्याच्या, नळ त्याचा, 'सेम थिंग' म्हणणारा तोच. तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या बापाचं कॅलेंडर मला अजून आठवतं.

मामा आमच्याकडे आले. दादानं समजावलं. दादा घाबरट आहे, पण दुष्ट नाही. "मामा, पाणी तर मिळालं ना सगळ्यांना? जिंकलात तुम्ही. आता एक सही करा. घराचा स्लॅब पडायचाय. तीन मुली आहेत."

"म्हनूनच," मामा म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच चष्मा काढला होता. डोळे बारीक होते, थकलेले. "सही केली की ती चूक ठरती. आनि चूक ठरली की टँकर पुन्ना फिरतो. समदी पोरं चोर ठरत्यात. तान ही चूक आसंल तर मी जल्मापास्नं चुकलोय. सही न्हाई."

"मामींना काय सांगाल?"

"तिला सांगीन, तुजा नवरा पानी पिऊन तर्र झाला." हसले, पण वहिनी रडायला लागली तेव्हा थांबले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आगं, खलास म्हंजे संपलं न्हवं. खलास म्हंजे बरं झालं."

मला चीड आली होती, कंपनीची, मॅकची, दादाची, आणि खरं सांगायचं तर मामांचीही. मी म्हटलं, "मामा, मी हे सगळं लिहिणार."

"लिव्ह. पर निषेध लिवू नगंस. बाटल्या लिव्ह."

विमान दुपारचं होतं. विमानतळावर आम्ही सगळे गेलो. वहिनीनं चिवड्याचा डबा दिला, मुलांनी शार्कचं चित्र काढून दिलं. थोरल्यानं खाली लिहिलं होतं, 'बिगेस्ट वन'. मामा टायमध्ये, काळ्या चष्म्यात, मिशा ताज्या रंगवलेल्या. पासपोर्ट कंपनीकडे असायचा, तो द्यायला कॅम्प-बॉस स्वतः आला होता. त्यानं पासपोर्ट पुढे केला, नजर दुसरीकडे.

मामांनी पासपोर्ट खिशात घातला आणि पिशवीतून बाटली काढली. व्हिस्कीची, लेबलासकट, काठोकाठ भरलेली. विमानतळाच्या मधोमध. दादानं डोळेच मिटले. मामांनी बूच काढलं, बोट बुडवलं आणि दोन थेंब चकचकीत फरशीवर उडवले. मग मान मागे टाकून, घटाघट, सगळी बाटली संपवली. येणारेजाणारे थांबून बघत होते. मिशी पुसून मामांनी रिकामी बाटली कॅम्प-बॉसच्या हातात दिली. गडबडीत त्यानं ती घेतली.

"ठेवा साब," मामा म्हणाले. "भरके देंगे. बुकरा, इन्शाल्ला."

आणि "यल्ला!", म्हणजे चल, असं स्वतःलाच म्हणून ते आत चालायला लागले. एकदाही वळले नाहीत. काचेपलीकडे टायची गाठ सैल करताना त्यांची पाठ दिसली, तेवढीच.

काचेच्या अलीकडे, भर गर्दीत, व्हिस्कीची रिकामी बाटली दोन्ही हातांनी कोटाखाली लपवू पाहत कॅम्प-बॉस उभा होता, आणि दारापाशी उभा असलेला एक पोलीस सावकाश त्याच्याकडे चालत येत होता.